राजगीरला मुक्काम करा : मगधातल्या बौद्ध-जैन तीर्थांच्या प्रवासासाठी

बिहारच्या सहलींची पत्रकं चाळली, तर राजगीर, नालंदा आणि पावापुरी ही तिन्ही ठिकाणं बहुधा एकाच दिवशी उरकलेली दिसतात. पहाटे बोधगयेहून निघायचं, दीड-दोन तासांनी राजगीर, तिथे रोपवे, गरम पाण्याची कुंडं, घाईत जेवण, दुपारच्या उन्हात नालंदा, तिन्हीसांजेला पावापुरी आणि रात्री दहाला परत बोधगया. या वेळापत्रकात खोटं काही नाही, सगळी ठिकाणं ‘होतात’. फक्त ज्यासाठी एवढ्या लांब यायचं, ते सगळं गाडीच्या काचेतून जातं.

हा लेख त्या एका दिवसाचे तीन दिवस कसे करायचे, यासाठी आहे. बोधगया पाहायचीच आहे. पण मुक्कामाचं दुसरं गाव राजगीर हवं. कारण बुद्ध आणि महावीर हे दोघेही ज्या गावात पुन्हा पुन्हा आले, राहिले, बोलले, ते गाव हे. मगधाची ही जुनी राजधानी. बौद्ध ग्रंथांतला राजा बिंबिसार तोच जैन ग्रंथांतला श्रेणिक; तिकडचा अजातशत्रू तोच इकडचा कूणिक. जैन परंपरेनुसार महावीरांनी आपले चौदा चातुर्मास राजगृह, म्हणजे आजचं राजगीर, आणि त्याचं उपनगर नालंदा इथे काढले. विसावे तीर्थंकर मुनिसुव्रत यांचं जन्मस्थानही हेच मानतात. बुद्धांच्या परिनिर्वाणानंतरची पहिली संगीती, म्हणजे भिक्खूंची परिषद, इथल्याच डोंगरावर भरली. त्यामुळे ‘बौद्ध सर्किट’ आणि ‘जैन सर्किट’ अशा दोन वेगळ्या सहली आखणं म्हणजे एकाच गावाला दोनदा अर्धंअर्धं भेटणं. तुम्ही कोणत्याही धर्माचे असा, दोन्ही एकत्र पाहा.

कधी जायचं

ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. त्यातही नोव्हेंबर आणि फेब्रुवारी सर्वांत सोयीचे. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर गंगेच्या खोऱ्यात दाट धुकं पडतं आणि गाड्या तासन् तास रखडतात. त्या काळात जात असाल, तर परतीच्या प्रवासाआधी एक दिवस मोकळा ठेवा. एप्रिल ते जूनमधला उकाडा विदर्भातल्या माणसालाही जड जाईल असा असतो, आणि इथलं पाहण्यासारखं बहुतेक सारं उघड्यावर किंवा डोंगरावर आहे. बुद्धपौर्णिमेला बोधगयेत राहण्याची ओढ समजण्यासारखी आहे. मग त्या प्रवासात राजगीरच्या चढणी सकाळी आठच्या आत संपवायच्या, एवढं ठरवून जा.

गर्दीचे चार काळ लक्षात ठेवा. पहिला पितृपक्ष. आपल्या पंचांगात तो भाद्रपद वद्य, उत्तरेकडच्या पंचांगात आश्विन कृष्ण. दिवस तेच, महिन्याचं नाव वेगळं. या पंधरवड्यात गयेत देशभरातून श्राद्धाला लोक येतात. तुम्हाला पिंडदान करायचं नसेल, तर हा काळ टाळा. दुसरा दिवाळी. महावीरांचं निर्वाण पावापुरीत झालं ते अमावास्येच्या पहाटे, म्हणजे आपल्या लक्ष्मीपूजनाच्या तिथीला. त्या दिवशी पावापुरीत निर्वाण लाडू चढवतात. धर्मशाळा काही महिने आधीच भरलेल्या असतात. तिसरा डिसेंबर-जानेवारी. तेव्हा बोधगयेत तिबेटी परंपरेच्या मोठ्या प्रार्थनासभा आणि आंतरराष्ट्रीय त्रिपिटक पठण असतं. जागा महाग होतात, पण महाबोधी विहाराचं आवार खरं जिवंत असतं ते याच दिवसांत. चौथा काळ मराठी प्रवाशांच्या सहसा ध्यानात येत नाही : अधिक महिना. आपल्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाची सरबराई चालते, तेव्हा राजगीरला मलमास मेळा भरतो आणि कुंडांवर पाय ठेवायला जागा नसते.

कसं पोहोचायचं

गया हे हावडा-दिल्ली ग्रँड कॉर्ड मार्गावरचं मोठं जंक्शन. मुंबईहून प्रयागराजमार्गे हावड्याला जाणारी मेल गयेत थांबते. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भातल्यांसाठी कोल्हापूर-धनबाद दीक्षाभूमी एक्स्प्रेस हा पर्याय आहे. ती आठवड्यातून एकदाच असल्याने तारीख तिच्याप्रमाणे ठरवावी लागते. मुंबई आणि पुण्याहून पाटण्याच्या बाजूला जास्त गाड्या आहेत. तेव्हा जाताना गया आणि येताना पाटणा, किंवा उलट, असं तिकीट काढलं तर तोच रस्ता दोनदा कापावा लागत नाही. विमानाने जायचं असेल, तर पाटण्याला उड्डाणं अधिक मिळतात. गयेच्या विमानतळावर हिवाळ्यात थायलंड-म्यानमारकडच्या यात्रेकरूंची विमानं उतरतात.

गया स्टेशन ते बोधगया साधारण पंधरा किलोमीटर; रिक्षा रात्रीही मिळतात, पण भाडं आधी ठरवा. बोधगया-राजगीर सुमारे पंचाहत्तर किलोमीटर, राजगीर-नालंदा बारा, पाटणा-राजगीर शंभरच्या आसपास, पाटणा-वैशाली साठच्या आत. राजगीर आणि नालंदा दोन्हीकडे रेल्वे स्टेशन आहे आणि पाटण्याहून बख्तियारपूरमार्गे गाड्या येतात. चार जणांचा गट असेल, तर पूर्ण प्रवासासाठी एकच गाडी ठरवण्यापेक्षा एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामापर्यंत गाडी आणि गावात ई-रिक्षा किंवा टांगा हे स्वस्त पडतं. शिवाय चालकाच्या घड्याळाचा जाच राहत नाही.

एक गोष्ट ठळकपणे : बिहारमध्ये एप्रिल २०१६पासून संपूर्ण दारूबंदी आहे. सामानात बाटली सापडणं हाही गुन्हा आहे. ‘आपण बाहेरचे’ ही सबब चालत नाही.

बोधगया : दोन रात्री

महाबोधी विहार पहाटे उघडतो. पहिली भेट त्याच वेळची ठेवा. मोबाइल आत नेता येत नाही. २०१३मध्ये या आवारात बॉम्बस्फोट झाले, तेव्हापासून तपासणी कडक आहे. फोन बाहेरच्या काउंटरवर जमा करायचा, पावती जपून ठेवायची. कॅमेऱ्यासाठी वेगळं शुल्क भरावं लागतं. गटातल्या सगळ्यांनी पुन्हा भेटायची जागा आणि वेळ आत शिरण्यापूर्वीच ठरवा. आत एकमेकांना फोन करता येत नाही आणि हाका मारणं शोभत नाही. चपला बाहेर राहतात. हिवाळ्यात पहाटेची फरशी बर्फासारखी गार असते, म्हणून जाड मोजे घ्या.

आत गेल्यावर थेट गाभाऱ्याकडे धावू नका. प्रदक्षिणा उजव्या हाताला विहार ठेवून करतात. आधी आवाराची एक पूर्ण फेरी मारा, म्हणजे मांडणी कळते. संबोधीनंतरचे सात आठवडे बुद्धांनी याच परिसरात काढले अशी परंपरा आहे आणि त्या-त्या जागा फलकांनी दाखवल्या आहेत : बोधिवृक्ष आणि वज्रासन, अनिमेषलोचन चैत्य, चंक्रमण, रत्नघर, अजपाल वडाची जागा, मुचलिंद सरोवर, राजायतन. याच क्रमाने फिरलात तर विहाराभोवतीचे कठडे, छोटे स्तूप, जमिनीवर साष्टांग नमस्कार घालणारे तिबेटी यात्रेकरू हे सगळं एका सूत्रात बसतं. सध्याचा बोधिवृक्ष हा मूळ झाड नव्हे. जुना वृक्ष एकोणिसाव्या शतकात उन्मळून पडल्यावर पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमच्या काळात लावलेल्या रोपाचा तो विस्तार. पानं तोडायची नाहीत. गळून पडलेलं मिळालं तर ठीक. बाहेर ‘अस्सल बोधिपान’ म्हणून विकतात, त्याच्या अस्सलपणाची खात्री कोणी देऊ शकत नाही.

२००२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या या विहाराचं व्यवस्थापन १९४९च्या बोधगया मंदिर कायद्यानुसार नेमलेल्या समितीकडे आहे. तिच्यात बौद्ध आणि हिंदू सदस्य समसमान, चार-चार, आणि जिल्हाधिकारी अध्यक्ष असतो. कारभार पूर्णपणे बौद्धांकडे द्यावा ही मागणी श्रीलंकेचे अनागारिक धर्मपाल १८९१मध्ये इथे आले तेव्हापासूनची आहे आणि आजही आंदोलन सुरू असतं. महाराष्ट्रातले बौद्ध उपासक-उपासिका त्यात मोठ्या संख्येने दिसतात. तुम्ही गेलात तेव्हा गावात फलक, धरणं, भिक्खूंच्या सभा दिसल्या तर त्यामागचा संदर्भ हा. थांबून ऐका, दोन मराठी शब्द बोललात तर बहुधा मराठीतच उत्तर मिळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीपलीकडे जा. निरंजना ओलांडली की बकरौर गावात सुजाता स्तूप आहे : विटांचा मोठा, साधा, गर्दी नसलेला. तिथून शेतांतल्या वाटांनी चालायला मजा येते. दुपारी पुरातत्त्व खात्याचं छोटं संग्रहालय पाहा. विहाराभोवतीच्या जुन्या कठड्यांचे मूळ दगडी खांब तिथे आहेत. थाई, जपानी, भूतानी, म्यानमारी, व्हिएतनामी असे अनेक देशांचे विहारही पाहण्यासारखे आहेत. सगळे नको, दोन-तीनच निवडा आणि प्रत्येकात दहा मिनिटं बसा. बहुतेक ठिकाणी दुपारी बारा ते दोन दारं बंद असतात. विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करायचं असेल, तर इगतपुरीप्रमाणेच इथल्या केंद्रातही आधी अर्ज करून प्रवेश घ्यावा लागतो. आयत्या वेळी जागा मिळत नाही.

बोधगयेत रस्त्यावर मुलं शाळेची वही, देणगीपुस्तिका पुढे करतात. तिथल्या तिथे रोख देऊ नका. मदत करायचीच असेल, तर संस्थेत जाऊन, काम पाहून, पावती घेऊन द्या.

गया आणि बराबर : वाटेवरची दोन ठिकाणं

गयेचं विष्णुपद मंदिर या लेखाच्या विषयाबाहेरचं, पण मराठी माणसाला टाळून जाता न येणारं. आजची दगडी वास्तू अहिल्याबाई होळकरांनी १७८७मध्ये बांधून घेतलेली आहे. पिंडदान करणार असाल, तर विधी कोणते, किती वेळाचे, दक्षिणा किती, हे सगळं बसण्याआधी स्पष्ट बोलून घ्या. संकोच धरला तर पुढे वाद होतो.

बराबरच्या लेण्यांसाठी मात्र अर्धा दिवस काढाच. गयेपासून उत्तरेला तीसेक किलोमीटरवर, जहानाबाद जिल्ह्यातल्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांत ही लेणी आहेत. भारतात टिकून राहिलेल्या कोरीव लेण्यांत सर्वांत जुनी, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली. सम्राट अशोकाने ती दिली ती बौद्धांना नाही की जैनांना नाही, तर आजीविकांना. या पंथाचा नायक मंखली गोशाल काही काळ महावीरांचा सहप्रवासी होता. दोघांची भेट नालंद्यात झाली असं जैन ग्रंथ सांगतात. पंथ लोपला, लेणी राहिली. आतल्या भिंतींची झिलई इतकी आहे की विजेरीचा झोत आरशावर पडावा तसा परततो. लोमस ऋषी लेण्याच्या दारावरची कमान नीट पाहा : लाकडी बांधकामाची नक्कल दगडात, वर हत्तींची ओळ. ज्यांनी भाजे-कार्ल्याची चैत्यगवाक्षं पाहिली आहेत, त्यांना इथे ओळख पटेल. आपल्या सह्याद्रीतल्या चैत्यकमानींची ही पूर्वज. आजूबाजूला सोयी तुटपुंज्या आहेत. पाणी, खाणं, विजेरी बरोबर न्या, सकाळी जा आणि ऊन कलायच्या आत निघा.

राजगीर : तीन रात्री, तीन सकाळी

राजगीर पाच टेकड्यांच्या कुशीत आहे : विपुलाचल, रत्नगिरी, उदयगिरी, स्वर्णगिरी आणि वैभारगिरी. प्रत्येकीवर जैन मंदिरं आहेत. जैन यात्रेकरू पाचही टेकड्या चढतात. ज्यांना पायी शक्य नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. तुम्हाला पाचही नको असतील तर तीन सकाळी तीन टेकड्या, असा हिशेब ठेवा.

पहिल्या सकाळी, म्हणजे पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, रत्नगिरी. वर जपानी भिक्खू निचिदात्सु फुजी यांच्या प्रेरणेने उभारलेला विश्वशांती स्तूप आहे. त्याचं उद्घाटन १९६९मध्ये झालं. वर जाताना रोपवे घ्या. एका माणसाची उघडी खुर्ची असलेला जुना रोपवे प्रसिद्ध आहेच. ज्येष्ठांसाठी, लहान मुलांसाठी २०२१मध्ये बंद डब्यांचा नवा रोपवे आला आहे. उतरताना मात्र रोपवेने येऊ नका. पायवाटेने गृध्रकूटावर या. बुद्धांनी अनेक उपदेश केले ती ही जागा. महायान पंथात तिचं महत्त्व इतकं, की चीन, जपान, कोरिया, व्हिएतनामहून आलेले गट इथे बसून सूत्रपठण करताना हमखास भेटतात. वर फक्त विटांचा एक लहान चौथरा आणि गिधाडासारखा दिसणारा खडक आहे. पठण सुरू असेल तर मागे उभं राहा. मधून फोटोसाठी वाट काढू नका. खाली उतरणारा फरसबंद रस्ता बिंबिसाराने बांधला अशी परंपरा आहे. पायथ्याजवळ वैद्य जीवकाच्या आंबराईचे अवशेष लागतात.

दुसरी सकाळ वैभारगिरीची. पायथ्याशी गरम पाण्याची कुंडं आहेत. ब्रह्मकुंड आणि सप्तधारा त्यांतली मुख्य. स्नान करायचं तर पहाटे. उशिरा गेलात तर गर्दी आणि पाण्याची अवस्था दोन्ही त्रासदायक. पायऱ्या चढताना प्रचंड दगड चुन्याशिवाय रचलेला चौथरा लागतो, मग जैन मंदिरं, आणि पुढे डोंगराच्या उत्तर अंगाला सप्तपर्णी गुहा. पहिल्या संगीतीची जागा म्हणून ती दाखवतात. वाट निर्जन आहे. एकट्याने जाऊ नका, पाणी घ्या, माकडांसमोर पिशवी उघडू नका.

उतरल्यावर याच डोंगराच्या दक्षिण पायथ्याचं सोनभंडार पाहा. वाटाडे इथे राजाच्या गुप्त खजिन्याची गोष्ट सांगतील आणि न उघडणारं दगडी दार दाखवतील. गोष्ट ऐका, पण नजर लेखाकडे वळवा : मुनी वैरदेव यांनी तपस्व्यांसाठी ही गुहा करवून अर्हतांच्या प्रतिमा बसवल्या, असं तो सांगतो. शेजारच्या पडक्या गुहेत तीर्थंकरांच्या लहान मूर्ती कोरलेल्या आहेत. खजिन्याच्या नादात लोक त्या न पाहताच परततात. वाटेतच मणियार मठ आणि बिंबिसाराच्या कैदखान्याची म्हणून दाखवतात ती जागा आहे. मधे मधे टेकड्यांच्या माथ्यावरून धावणारी जुन्या राजगृहाची दगडी तटबंदी दिसत राहते.

तिसरी सकाळ विपुलाचलाची. महावीरांची पहिली देशना, म्हणजे उपदेश, इथे झाली असं दिगंबर परंपरा मानते. श्वेतांबर परंपरा तो मान पावापुरीला देते. दुपारी वीरायतनात जा. १९७३मध्ये ही संस्था उभी करणाऱ्या आचार्य चंदनाजी मूळच्या पुणे जिल्ह्यातल्या चासकमानच्या. जैन साध्वींमध्ये आचार्यपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या. तिथलं नेत्रालय आणि तीर्थंकरांच्या जीवनप्रसंगांचं चित्रशिल्प-दालन पाहिल्यावर लक्षात येतं, की तीर्थ म्हणजे फक्त जुने अवशेष नव्हेत.

वेणुवन संध्याकाळी फिरायला चांगलं. काचेचा पूल आणि नेचर सफारी मुलांना आवडेल. तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, आणि त्यात अर्धा दिवस जातो हे धरून चला.

नालंदा : अर्धा दिवस पुरेसा, पण सकाळचा

राजगीरहून निघून साइट उघडताच पोहोचा. पाचव्या शतकात कुमारगुप्ताच्या काळात स्थापन झालेलं हे महाविहार बाराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सातशेहून अधिक वर्षं चाललं. २०१६पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. मांडणी सोपी आहे : मधल्या रुंद वाटेच्या पूर्वेला विहारांची रांग, पश्चिमेला मंदिरांची. विहारांतल्या खोल्या, दगडी बाक, विहीर, गटारं, चुली पाहा. शिकायला आलेल्या भिक्षूंचा रोजचा दिवस तिथे उभा राहतो. दक्षिण टोकाचं तीन क्रमांकाचं मंदिर सर्वांत उंच. त्यावर वेळोवेळी नवं बांधकाम चढत गेलं, त्याचे थर स्पष्ट दिसतात. परवानाधारक मार्गदर्शक घ्या, मात्र त्याला आधीच सांगा की तासभर तरी हवा. घाईतला मार्गदर्शक ‘ग्रंथालय सहा महिने जळत होतं’ एवढं सांगून मोकळा होतो.

समोरचं पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. बोधगयेचं आणि वैशालीचंही. त्यामुळे वेळापत्रक आखताना शुक्रवार डोंगर चढण्यासाठी राखून ठेवा. नालंद्याच्या अवशेषांपासून जवळच चिनी प्रवासी ह्युएन-त्संगाचं स्मारक आहे. सातव्या शतकात तो इथे शिकला. त्याच्याच वर्णनावरून कनिंगहॅमने ही जागा ओळखली.

जवळच्या कुंडलपूरला अनेक दिगंबर जैन महावीरांचं जन्मस्थान मानतात. वैशालीजवळचं बासोकुंड आणि जमुई जिल्ह्यातलं क्षत्रियकुंड-लछुआड या दोन ठिकाणांबद्दलही तीच श्रद्धा आहे. तीनही ठिकाणचे पुजारी आपलंच खरं सांगतील. वाद घालायला तुम्ही आलेला नाही. दर्शन घ्या आणि पुढे निघा.

पावापुरी : उन्हं उतरताना

राजगीर-नालंद्याहून तासाभराच्या आत पावापुरी. गावमंदिर हे महावीरांच्या निर्वाणाची जागा, आणि कमळांच्या मोठ्या तळ्यात उभं असलेलं पांढरं जलमंदिर ही अंत्यसंस्काराची. अस्थी-रक्षेसोबत इथली माती कपाळाला लावायला लोकांनी इतकी उचलली की तळंच झालं, असं भाविक सांगतात. दर्शनाला चामड्याचं काहीही, पट्टा आणि पाकीटही, नेऊ नका. गाडीतच ठेवून या.

जैन धर्मशाळांत उतरणार असाल तर तिथले नियम पाळा. जेवण सूर्यास्तापूर्वी. कांदा, लसूण, बटाटा नाही. बाहेरचं खाणं खोलीत नेणं अनेक ठिकाणी चालत नाही. त्या बदल्यात मिळणारी स्वच्छता आणि जेवण त्याच पैशांत हॉटेलात सापडणं कठीण. फोन करून आधी खोली सांगून ठेवा आणि सर्वांची ओळखपत्रं बरोबर घ्या.

पुढे वाढवायचं असेल तर

पाटण्याहून वैशाली एका दिवसात होते. कोल्हुआ इथे एकाच दगडातला, सिंहशीर्ष शाबूत असलेला अशोकस्तंभ उभा आहे. दुसरी संगीती वैशालीत भरली, आणि स्त्रियांना भिक्षुणीसंघात प्रवेश मिळाला तोही इथेच. बुद्धांच्या अस्थी ठेवलेला स्तूप १९५८मध्ये उजेडात आणला तो अनंत सदाशिव आळतेकर यांच्या नेतृत्वाखालच्या उत्खननाने. कोल्हापूरकडच्या या मराठी इतिहासकाराने पाटण्याच्या कुम्हरारलाही उत्खनन केलं. पाटण्यात एक दुपार असेल तर बिहार म्युझियममधली दीदारगंजची यक्षी पाहा; ते सोमवारी बंद असतं.

जैन यात्रेकरू पुढे सम्मेद शिखरजीला जातातच. ते आता झारखंडात. गयेहून रेल्वेने पारसनाथ स्टेशन, तिथून मधुबन. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांचं निर्वाण या पर्वतावर झालं अशी श्रद्धा आहे. पूर्ण वंदना सत्तावीस किलोमीटरची : नऊ चढ, नऊ माथ्यावरची फेरी, नऊ उतार. रात्री दोन-तीनला निघतात. गुडघे दुखत असतील तर डोली आदल्या दिवशीच ठरवा. हाच पर्वत संथाळ आदिवासींचा मरांग बुरू आहे. इथे पर्यटन वाढवण्याच्या सरकारी निर्णयाविरुद्ध जैन समाजाने देशभर मोर्चे काढले आणि जानेवारी २०२३मध्ये केंद्राने तिथल्या पर्यटनाला स्थगिती दिली. तिथे सहल म्हणून जाऊ नका. दारू-मांस, मोठ्याने गाणी, डोंगरावर पार्टी हे तिथे अपमानाचं ठरतं. यात्रेकरूचे नियम पाळायची तयारी असेल तरच चढा.

बरोबर काय, खायचं काय

पायात लवकर निघणारे पण पक्की पकड असलेले बूट, कारण चढण आणि अनवाणी चालणं दोन्ही सतत येतात. हिवाळ्यात स्वेटर, टोपी. विजेरी. दानपेटी, लॉकर, टांगा यांसाठी सुटे पैसे. शहरांत मोबाइलवरून पैसे देता येतात, डोंगरावर भरवसा नाही. गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे.

खाण्याची चिंता नको. लिट्टी-चोखा पोटभर आणि स्वस्त. सत्तूचं सरबत उन्हावरचा उतारा. राजगीर-नालंदा रस्त्यावरच्या सिलावचा खाजा भौगोलिक मानांकन मिळालेला आहे. पदर सुटणारा आणि प्रवासात टिकणारा. गयेचं तिळकूट हिवाळ्यात ताजं मिळतं. तिथला अनारसा आपल्या अनारशाचा नातेवाईक, फक्त त्यात खवा भरलेला असतो.

जाण्यापूर्वी वाचायचं असेल, तर धर्मानंद कोसंबींचं ‘भगवान बुद्ध’ आणि ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ ही दोन पुस्तकं घ्या. गोव्यात जन्मलेल्या या पंडिताने दोन्ही परंपरांचा शोध एकाच आस्थेने घेतला. राजगीरच्या टेकड्यांवर त्याचा उपयोग कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त होईल.

दिवस कमी असतील तर

आदर्श आखणी सात रात्रींची : बोधगया दोन, गया-बराबर करून राजगीर तीन, पाटणा दोन. राजगीरच्या तीनपैकी एका दिवशी टेकडी सोडून नालंदा आणि पावापुरी. शिखरजीसाठी आणखी दोन रात्री धरा.

पाचच रात्री असतील तर पाटणा आणि वैशाली सोडा, काचेचा पूल सोडा, बोधगयेतले बरेचसे परदेशी विहार सोडा. चारच असतील तर बराबरही पुढच्या वेळेसाठी ठेवा. राजगीरच्या किमान दोन रात्री मात्र कापू नका. टूर कंपनीबरोबर जात असाल, तर पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : ‘राजगीरला मुक्काम किती?’ उत्तर ‘मुक्काम नाही, दिवसात होतं’ असं आलं, तर दुसरी कंपनी बघा किंवा चार जण मिळून स्वतःच जा.